हिवाळ्यात उत्तरेकडे जाणाऱ्या ट्रकचं ॲव्हरेज का पडतं? ड्रायव्हरचे पैसे कापण्याआधी काय तपासायचं

डिसेंबर-जानेवारीत नाशिक, पिंपळगाव, लासलगाव भागातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते. दिवाळीपर्यंत लिटरला चार किलोमीटर देणारी दहा चाकी गाडी कांदा नाहीतर द्राक्षं घेऊन दिल्लीला जाऊन आली की साडेतीन देते, कधी सव्वातीन. गाडी तीच, रस्ता तोच, वजन तेवढंच. मग मालकाची नजर ड्रायव्हरकडे वळते. ठरलेल्या ॲव्हरेजच्या वर लागलेलं डिझेल पगारातून कापायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पण थंडीच्या दिवसांत असं कापलं गेलेलं बरंचसं डिझेल कोणी विकलेलं नसतं. ते इंजिनाने, टायरने किंवा धुक्यात चालू ठेवलेल्या गाडीने खाल्लेलं असतं.

थंडीत ॲव्हरेज पडतं, यात वाद नाही. पण थंडी स्वतः किती खाते याचा बऱ्यापैकी हिशेब करता येतो, आणि तो आकडा लहान आहे. घट त्याहून मोठी असेल तर गाडीत काहीतरी बिघडलंय, किंवा गाडी फार वेळ इंजिन चालू ठेवून उभी राहिली आहे. दोन्ही गोष्टी शोधून काढता येतात.

आधी मोजमाप नीट आहे का

अर्धे वाद इथेच मिटतात. टाकी फुल करून निघायचं आणि परत आल्यावर त्याच पंपावर, गाडी त्याच सपाट जागेवर उभी करून पुन्हा फुल करायची. मध्ये जिथे जिथे डिझेल भरलं त्या सगळ्या पावत्यांची बेरीज करायची. जाताना भरलेली आणि येताना अर्धी भरलेली गाडी यांचं ॲव्हरेज वेगळं येणारच, म्हणून पूर्ण फेरीचीच तुलना करा आणि मागच्या ऑक्टोबरमधल्या तशाच वजनाच्या फेरीशी करा.

टाकीत काठी बुडवून किंवा मोबाइलवर सेन्सरचा आकडा बघून चोरी ठरवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. थंडीत डिझेल आकसतं. दर अंशाला ०.०८ टक्क्यांच्या आसपास. नाशिकहून दुपारच्या उन्हात ३० अंशांवर ४०० लिटर डिझेल भरलंय असं धरा. तेच डिझेल ५ अंशांवर आलं की टाकीत सुमारे आठ लिटर कमी दिसतं, एक थेंबही कुठे न जाता. शिवाय कॉमन रेल (मोठ्या दाबाने डिझेल सोडणाऱ्या) इंजिनात पंपाकडून टाकीत परत येणारं डिझेल गरम असतं, त्यामुळे दिवसभर चाललेल्या गाडीच्या टाकीतलं डिझेल बाहेरच्या हवेपेक्षा बरंच गरम राहतं. अशी गाडी रात्री ढाब्यावर उभी राहिली आणि पहाटे पातळी काही लिटर खाली दिसली, एवढ्यावरून कोणाला चोर म्हणू नका.

थंडीचा स्वतःचा वाटा

पहिली गोष्ट हवा. थंड हवा जड असते. ३० अंशांची हवा ५ अंशांवर आली की तिचं वजन सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं, आणि तेवढाच जास्त जोर ट्रकला ती कापायला लागतो. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने चाललेल्या भरलेल्या गाडीची साधारण एक तृतीयांश ताकद हवा कापण्यात जाते. ऐंशीला ती जवळपास निम्मी होते, कारण साठवरून ऐंशीवर गेलं की हवेचा विरोध पावणेदोनपट होतो. म्हणजे साठच्या चालीला थंड हवेमुळे दोन-तीन टक्के. उत्तरेच्या मैदानात हिवाळ्यात वारा बहुधा वायव्येकडून येतो, त्यामुळे वर जाताना तो तोंडावर असतो. ताडपत्री सैल असेल, फडफडत असेल तर हा खर्च आणखी वाढतो. रस्सा आवळून घेणं हे यातलं एकमेव फुकटचं काम आहे.

दुसरी गोष्ट टायर. ३० अंशांवर ११० पीएसआय भरलेली हवा ५ अंशांवर आली की १०० च्या आसपास उरते. पंक्चर नाही, वॉल्व्ह गळत नाही, तरी दहा पीएसआय कमी. गाडी दिवसभर चालून टायर गरम असताना पिंपळगावला हवा भरली असेल तर घट आणखी मोठी, कारण गरम टायरमध्ये मीटर मुळातच जास्त दाखवतो. सगळ्या टायरमध्ये दहा पीएसआय कमी असली की डिझेलवर अर्धा ते एक टक्का फरक पडतो. टायर कडेने झिजतो ते नुकसान वेगळंच. त्यात थंड रबर कडक असतं, प्रत्येक फेऱ्याला दबताना-सुटताना जास्त ताकद खातं, आणि ट्रकचा जाड टायर पूर्ण गरम व्हायला तासाहून जास्त वेळ लागू शकतो. दर दोन तासांनी धुक्यात थांबणाऱ्या गाडीचे टायर धड गरमच होत नाहीत. यात आणखी एखाद-दोन टक्के.

उपाय सोपा आहे. शिवपुरी-ग्वाल्हेरच्या पुढे गेल्यावर एका सकाळी, गाडी हलवण्याआधी, दहाही टायरची हवा तपासून कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणायची. आतल्या जोडटायरसकट. आतला टायर तपासायचा कंटाळा केला तर बाहेरचा जास्त वजन घेतो आणि आतला नुसता घासत जातो. परत नाशिकला आल्यावर हवा पुन्हा बघायची, कारण तिथे भरलेली हवा इथे आठ-दहा पीएसआयने वाढलेली दिसेल.

तिसरी गोष्ट तेल. आपल्याकडे चालणारं १५डब्ल्यू-४० इंजिन ऑइल १०० अंशांवर जितकं पातळ असतं त्याच्या सात-आठ पट घट्ट ते ४० अंशांवर असतं, आणि ५ अंशांवर त्याच्याही अनेक पट. इंजिन ऑइल लवकर गरम होतं, पण गिअर बॉक्स आणि क्राऊनमधलं (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरमधलं) तेल गरम करायला तिथे कोणतीही आग नसते. ते फक्त घासूनघासून तापतं. ८५डब्ल्यू-१४० सारखं जाड तेल क्राऊनमध्ये असेल तर सकाळचा पहिला तास गाडी ओढल्यासारखी वाटते ती यामुळेच. म्हणून कोणाच्या सांगण्यावरून ग्रेड बदलू नका. गाडीच्या पुस्तकात कोणत्या तापमानाला कोणतं तेल ते दिलेलं असतं, तेच वापरा.

ही सगळी बेरीज पाच ते सात टक्क्यांवर जाते, तीही पूर्ण रस्ता थंड असेल तर. नाशिक ते दिल्ली साधारण तेराशे किलोमीटर. त्यातला धुळे, सेंधवा, इंदूरपर्यंतचा भाग दुपारी बऱ्यापैकी उबदार असतो. तरीही सात टक्के धरू. चार देणारी गाडी पावणेचारच्या थोडी खाली येईल. जाऊन-येऊन सव्वीसशे किलोमीटरला साडेसहाशे लिटरच्या जागी सातशे लिटर लागतील. हे पन्नासएक लिटर थंडीचे, आणि ते मालकाने सोसायला हवेत. पण सव्वातीनने हिशेब केला तर आठशे लिटर होतात. मधले शंभर लिटर थंडीने खाल्लेले नाहीत. त्यांचा शोध घ्यायचा आहे.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा काही जण पुढे करतात की थंडीत १५ टक्के घट होते. तो आकडा पेट्रोल कारचा आहे, शहरातल्या वापराचा, २५ अंशांवरून उणे ७ अंशांवर आल्यावरचा. तिथे गाडी थोडं चालते, थंड होते, पुन्हा चालू होते. दहा-बारा तास सलग चालणाऱ्या ट्रकला तो लावता येत नाही.

थर्मोस्टॅट: माझा पहिला संशय याच्यावर

ज्या गाडीचं ॲव्हरेज फक्त हिवाळ्यात दहा टक्क्यांहून जास्त पडतं, तिथे सर्वात आधी थर्मोस्टॅट बघा. कारण आपल्याकडची एक वाईट सवय. उन्हाळ्यात बिजासन घाटात गाडी तापली की मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतो. 'आपल्या हवेत याची गरजच नाही' असं सांगतो. पाणी बिनअडथळा फिरायला लागतं, काटा खाली येतो, मालक खूश. मार्च ते ऑक्टोबर कोणाला काही कळत नाही. डिसेंबरमध्ये तीच गाडी शिवपुरी ओलांडते आणि इंजिन गरमच होत नाही.

थर्मोस्टॅटचं काम काय? इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही, इंजिनाच्या आतच फिरवायचं. ८० अंशांच्या आसपास तापमान गेलं की हळूहळू उघडायचं. डिझेल इंजिन ८०-९० अंशांना खऱ्या अर्थाने कामाला लागतं. थर्मोस्टॅट नसेल, किंवा गंजून उघडाच अडकला असेल, तर पाणी सतत रेडिएटरमधून जातं, समोरून पाच-सहा अंशांची हवा, आणि इंजिन पन्नास-साठ अंशांवरच दिवस काढतं. थंड सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, सकाळी पांढरा धूर बराच वेळ येतो, न जळलेलं डिझेल भिंतीवरून उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं, घट्ट तेलामुळे घर्षण वाढतं. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या) गाडीत कंट्रोल युनिट इंजिन थंड समजून त्यानुसार इंधन सोडत राहतं. इंजिन चालू आहे तोवर हे चालतं, म्हणून नुकसान मोठं.

आणि उन्हाळ्यात तरी फायदा होतो का? बऱ्याच ट्रक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे पाणी इंजिनातच फिरवणारी, वाट बंद करतो. तो काढून टाकला की बायपास कायम उघडा राहतो, आणि काही गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात परत येतं. म्हणजे घाटात तापायची तक्रार उलट वाढू शकते. गाडी तापत असेल तर रेडिएटर चोंदलाय का, पंखा, पट्टा, पाण्याचा पंप ठीक आहे का, रेडिएटरचं झाकण दाब धरतंय का ते बघायचं. थर्मोस्टॅट अडकलेला असेल तर नवीन बसवायचा. बसवायचा, काढायचा नाही.

तो बिघडलाय हे कसं ओळखायचं, यासाठी गाडी खोलायची गरज नाही. ड्रायव्हरला फोनवर चार प्रश्न विचारले तरी पुरतात.

सकाळी निघाल्यावर टेंपरेचरचा काटा पंधरा-वीस किलोमीटरमध्ये आपल्या नेहमीच्या जागी येतो का? भरलेली गाडी असेल तर यायला हवा. उतारावर, इंजिनावर जोर नसताना, काटा धाडकन खाली येतो का? येत असेल तर पाणी अडवणारं मध्ये कोणी नाही. केबिनचा हीटर लावल्यावर गरम हवा येते की कोमट? हा प्रश्न मला सर्वात जास्त उपयोगी वाटतो, कारण हीटर इंजिनाच्याच पाण्यावर चालतो आणि ड्रायव्हर हीटरची तक्रार आधीच करून थकलेला असतो. ऑफिसात ती 'आरामाची मागणी' म्हणून सोडून दिलेली असते. खरं तर गाडी स्वतःचा आजार सांगत असते. आणि चौथा प्रश्न: रेडिएटरसमोर पुठ्ठा किंवा गोणपाट लावल्यावर गाडी सुधारते का? पंजाब-हरियाणाच्या रस्त्यावर असे गोणपाट लावलेले ट्रक सर्रास दिसतात. चांगला थर्मोस्टॅट असलेल्या गाडीला आपल्या मैदानी थंडीत याने फारसा फरक पडत नाही. फरक पडला, काटा जागेवर आला, तर निदान झालंच.

पण गोणपाट हा इलाज म्हणून ठेवू नका. टर्बो गाडीत रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर असतो, इंजिनात जाणारी हवा थंड करणारा. तोंड पूर्ण झाकलं की इंजिनात जाणारी हवा गरम होते, ताकद कमी होते, आणि पुढे उबदार भागात आल्यावर ड्रायव्हर झाकण काढायला विसरला तर इंजिन तापतं.

गॅरेजमध्ये खात्री करायची असेल तर गाडी रात्रभर थंड होऊ द्या, चालू करा आणि इंजिनाकडून रेडिएटरच्या वरच्या टोकाला जाणाऱ्या जाड होजला हात लावा, पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवून. सुरुवातीला तो थंड राहायला हवा आणि बऱ्याच वेळाने, थर्मोस्टॅट उघडल्यावर, एकदम गरम व्हायला हवा. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा आहे किंवा त्याच्या जागी बसवलेलाच नाही. बीएस-६ गाडीला स्कॅनर लावला तर कूलंटचं तापमान थेट आकड्यात दिसतं. खोलून काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात दोऱ्याने टांगून गॅसवर ठेवा, सोबत थर्मामीटर. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी थंड होताना पूर्ण मिटला पाहिजे. काही मोठ्या इंजिनांत दोन थर्मोस्टॅट असतात. एक बघून समाधान मानू नका.

नवीन बसवताना कूलंटही घाला. विहिरीचं किंवा नळाचं पाणी भरत राहिलं की आत गंज आणि क्षार साचतात, आणि थर्मोस्टॅट अडकायचं मूळ कारण बहुतेक वेळा तेच असतं. काश्मीर किंवा हिमाचलकडे जाणाऱ्या गाडीत तर साधं पाणी गोठून इंजिनाचा ब्लॉक फुटू शकतो.

याच वेळी पंखाही बघा. व्हिस्को फॅनचा (गरजेनुसार कमी-जास्त फिरणाऱ्या पंख्याचा) क्लच अडकला असेल तर पंखा थंडीतही पूर्ण जोराने फिरतो, इंजिनाची ताकद खातो आणि वर इंजिन थंडही करतो. थंड सकाळी थोडं अंतर गेल्यावरही पंख्याचा मोठा घोंघाट कायम राहत असेल तर क्लच तपासा.

उभ्या गाडीचं डिझेल

ट्रकचं इंजिन नुसतं चालू राहिलं तरी तासाला दोन लिटरच्या आसपास पितं. इंजिन मोठं असेल तर तीनपर्यंत. ग्वाल्हेर, आग्रा, मथुरा, दिल्ली या पट्ट्यात जानेवारीत रात्री दहापासून सकाळी नऊपर्यंत धुकं असू शकतं. समोरचं काही दिसत नसताना गाडी बाजूला घेणारा ड्रायव्हर शहाणा आहे, त्याला त्याबद्दल बोलायचं कारण नाही. पण पाच-सहा अंशांच्या थंडीत पत्र्याच्या केबिनमध्ये झोपायचं कसं, याचा विचार ऑफिसने केलेला नसतो. मग तो इंजिन चालू ठेवून झोपतो. तीन रात्री सात-सात तास धरले तर चाळीसएक लिटर झाले. धुक्यात थांबत-थांबत गेलेले सहा तास मिळवले की पन्नासच्या वर. वर सांगितलेल्या शंभर लिटरमधले निम्मे इथे सापडले.

थर्मोस्टॅट नसलेल्या गाडीत हे आणखी वाईट होतं. हीटर कोमट हवा देतो, म्हणून ड्रायव्हर इंजिन आणखी वेळ चालू ठेवतो, आणि उभ्या इंजिनाने ते पाणी कधीच तापत नाही.

यावर उपाय म्हणजे जाड रजई, केबिनच्या दारांची फाटलेली रबरं बदलणं, जमिनीवरची भोकं बुजवणं. नियमित उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीला डिझेलवर चालणारा वेगळा केबिन हीटर बसवता येतो. तो तासाला पाव लिटरच्या आसपासच डिझेल घेतो. बसवताना त्याच्या धुराची नळी केबिनच्या बाहेर, खाली आणि दूर सोडलेली असलीच पाहिजे. आणि एक गोष्ट प्रत्येक मालकाने ड्रायव्हर-क्लीनरला स्वतःच्या तोंडाने सांगावी: केबिनमध्ये शेगडी किंवा कोळसे पेटवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशी माणसं मरतात. डिझेल वाचवायचा दबाव टाकून ड्रायव्हरला शेगडीकडे ढकलू नका. रात्रीचे चौदा लिटर जळाले तर जळू देत.

सकाळी इंजिन अर्धा तास चालू ठेवून 'गरम' करायची सवय मात्र सोडायला हवी. बिनजोराचं डिझेल इंजिन उभ्याउभ्या फार गरम होत नाही. हवेच्या टाक्या भरून ब्रेकचा दाब येईपर्यंत जो वेळ लागतो तेवढा पुरे. मग पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवायची. असं केलं की इंजिनाबरोबर गिअर, क्राऊन आणि टायरही गरम होतात.

बीएस-६ गाड्यांची जास्तीची भानगड

एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत सायलेन्सरच्या जागी डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि धूर स्वच्छ करणारी युरियाची यंत्रणा आहे. डीपीएफमध्ये साचलेली काजळी गाडी मधूनमधून जास्तीचं डिझेल वापरून जाळते. थंड इंजिन आणि तासन्‌तास उभी गाडी यामुळे काजळी जास्त साचते, म्हणून ही साफसफाई वारंवार होते. इंजिन पुरेसं गरम नसेल तर कंट्रोल युनिट ती सुरूच होऊ देत नाही. फिल्टर चोंदत जातो, धुराची वाट अडते, ॲव्हरेज आणखी पडतं. युरियाच्या यंत्रणेलाही धूर साधारण २०० अंशांहून गरम लागतो, आणि तो तसा ठेवण्यासाठीही डिझेल खर्च होतं. म्हणून हिवाळ्यात डीपीएफचा दिवा वारंवार लागत असेल तर नुसती सक्तीची साफसफाई करून गाडी पाठवू नका. आधी कूलंटचं तापमान बघा. मूळ बहुधा तिथेच निघतं. युरिया उणे ११ अंशांना गोठतो, पण तो प्रश्न काश्मीर-लडाखचा. दिल्लीपर्यंत त्याची चिंता नको.

डिझेल आणि बर्फाचा मुलूख

डिझेलमध्ये मेण असतं आणि थंडीत ते वेगळं होऊन फिल्टरमध्ये अडकतं. भारतीय मानकात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हिवाळा धरलेला आहे. गाळणीतून डिझेल जायचं थांबतं ते तापमान हिवाळी डिझेलला जास्तीत जास्त ६ अंश आणि उन्हाळी डिझेलला १८ अंश चालतं. म्हणून पठाणकोटच्या पुढे जाणाऱ्याने घरून टाकी काठोकाठ भरून नेण्यापेक्षा तिकडच्या पंपावर भरावं. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं, ते पानिपतच्या रिफायनरीत बनतं. त्याआधी तिकडे डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे. बीएस-६ गाडीत हे अजिबात करू नका. रॉकेलमध्ये गंधक जास्त आणि वंगण कमी. इंजेक्टर, पंप आणि डीपीएफ तिन्ही खराब होतात. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरचा खालचा नळ रोज सकाळी उघडून पाणी काढायचं, एवढं मात्र सगळ्यांनीच करावं. फिल्टर चोंदला की गाडी ओढत नाही, ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये चालवतो आणि ते पुन्हा ॲव्हरेजवर येतं.

जम्मूहून श्रीनगरला जाणाऱ्यांनी चढाचा हिशेब थंडीत मिसळू नये. २८ टनी गाडी तेराशे मीटर वर उचलायलाच पंचवीस लिटरहून जास्त डिझेल लागतं, जूनमध्येही.

राहिले ब्रेक. थंड, दमट रात्रीनंतर एखादा ब्रेक धरून राहतो. ढाब्यावर थांबल्यावर प्रत्येक हबजवळ हात नेऊन बघा; एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर त्याचा स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकचं अंतर जुळवणारा भाग) बघा. हवेच्या टाक्यांतलं पाणी काढा.

हिशेबाला बसताना

उत्तरेच्या फेरीसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी वेगळं ॲव्हरेज ठरवा. चार देणाऱ्या गाडीला पावणेचारच्या थोडं खाली, आणि उभ्या इंजिनाचे तास त्याच्या बाहेर. बीएस-६ गाडीत किती तास इंजिन उभ्याउभ्या चाललं ते स्कॅनरवर निघतं. जुन्या गाडीत ड्रायव्हरने वहीत लिहावं, कुठे थांबलो, किती वाजता, काटा कुठे होता, हवा कुठे तपासली. त्या तासांना दोन लिटरने गुणा आणि एकूण डिझेलातून वजा करा.

आणि तपासणीत थर्मोस्टॅट नसल्याचं निघालं तर नवीन बसवून पुढची फेरी होऊ द्या, दोन्ही फेऱ्यांच्या लिटरमधला फरक काढा, आणि या हिवाळ्यात त्या गाडीवरच्या ड्रायव्हरच्या पगारातून तेवढ्या डिझेलचे जे पैसे कापले असतील ते त्याला परत द्या. गाडी आता दुसऱ्याच्या हातात असली तरी, आधीच्या माणसाला फोन करून.